घरात नवे प्लग पॉइंट बसवताना: कागदावरच्या यादीपासून शेवटच्या टेस्टपर्यंत

घराचं काम काढलं की टाइल्सच्या दुकानात चकरा होतात, रंगाची शेडकार्डं आठ-आठ दिवस टेबलावर पडून असतात, आणि इलेक्ट्रिकचा विषय मात्र 'वायरमन बघेल' एवढ्यावर आटोपतो. मग राहायला गेल्यावर कळतं की पलंगामागे बोर्ड दडलाय, मायक्रोवेव्हला पॉइंटच नाही आणि गिझर-इंडक्शन एकदम लावलं की अर्धं घर अंधारात जातं. वायरमन वाईट होता असं नसतं. त्याला सांगायला हवं होतं ते कुणी सांगितलेलंच नसतं.

हा लेख महाराष्ट्रातल्या नेहमीच्या फ्लॅटसाठी किंवा बंगल्यासाठी आहे, जिथे २३० व्होल्टचं सिंगल फेज कनेक्शन असतं. नवीन घर असो, जुन्याचं नूतनीकरण असो किंवा फक्त तीन-चार जादा पॉइंट हवे असोत, क्रम हाच.

१. कोणतं काम स्वतः करायचं आणि कोणतं नाही

बल्ब, पंखा, फ्यूज बदलणं, खराब झालेला स्विच काढून त्याच रेटिंगचा दुसरा बसवणं ही किरकोळ कामं झाली. पण नवी वायर ओढणं, पॉइंट वाढवणं, डीबीत (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीत) एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) वाढवणं हे घरच्या वीज संचमांडणीत बदल करणं आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार असं काम परवानाधारक विद्युत कंत्राटदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

प्रत्यक्षात बहुतेक घरांत काम करतो तो ओळखीचा वायरमन. त्याच्याकडे आयटीआयचं वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र असेल तर उत्तम. पण कागदावर सही-शिक्का कोणाचा, हे आधी विचारा. पुढे वीज कंपनीकडे भार वाढवून घ्यायची वेळ आली की परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, आणि दुसऱ्याने केलेल्या कामावर असा रिपोर्ट द्यायला कोणी सहजासहजी तयार होत नाही.

२. उपकरणांची यादी करा, प्रत्येकापुढे वॅट लिहा

वही घ्या आणि खोलीगणिक लिहा. आज घरात आहे ते आणि पुढच्या पाच वर्षांत येणार ते, दोन्ही. वॅट उपकरणाच्या मागच्या पट्टीवर छापलेले असतात. अंदाजासाठी नेहमीचे आकडे असे:

- फ्रीज १५० ते २५०, मिक्सर ५०० ते ७५०, वॉटर प्युरिफायर ६० च्या आत
- इस्त्री १०००, इलेक्ट्रिक किटली १५००
- इंडक्शन शेगडी १८०० ते २१००
- पाणी गरम करणारं फ्रंट लोड वॉशिंग मशीन सुमारे २०००, डिशवॉशरही त्याच घरातला
- साठवणीचा गिझर २०००, इन्स्टंट गिझर ३०००
- दीड टनाचा एसी सुमारे १५०० ते १७००

आता साधा हिशोब. ६ अँपिअरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॅट जाऊ शकतात. १६ अँपिअरच्या सॉकेटमधून ३६८०. म्हणजे १००० वॅटच्या वरचं जे काही असेल त्याला सरळ १६ चा पॉइंट द्या, काठावर खेळू नका. स्वयंपाकघरात तर ओट्यावरचे सगळेच पॉइंट ६/१६ युनिव्हर्सल (दोन्ही आकारांचे प्लग बसणारे) आणि १६ च्या स्विचसह घेतले तरी खर्चात फार फरक पडत नाही, आणि उद्या तिथे कोणतं यंत्र येईल याची चिंता उरत नाही. मात्र सॉकेट मोठं आणि मागची वायर बारीक अशी फसवणूक होऊ देऊ नका, त्याबद्दल चौथ्या पायरीत.

जाड पिनांचा प्लग छोट्या सॉकेटमध्ये जावा म्हणून बाजारात जो कन्व्हर्टर प्लग मिळतो, तो या यादीच्या अभावातून जन्माला येतो. इंडक्शन शेगडी त्यावर चालवली की आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग वास येतो, मग सॉकेट काळं होतं.

४५०० वॅटचा इन्स्टंट गिझर घेणार असाल तर तो जवळपास २० अँपिअर खेचतो. त्याला १६ चं सॉकेट चालत नाही. वेगळी जाड वायर, २५ किंवा ३२ अँपिअरचा डीपी (डबल पोल, म्हणजे वीज आणणारी आणि परत नेणारी दोन्ही तारा तोडणारा) स्विच आणि थेट जोडणी लागते. हे आधी सांगितलं नाही तर भिंत पुन्हा फोडावी लागेल.

३. जागा आणि उंची भिंतीवर खडूने आखा

फर्निचरचा नकाशा तयार झाल्याशिवाय पॉइंट ठरवू नका. सुतार आणि वायरमन यांना एकदा तरी समोरासमोर उभं करा. पलंगाच्या हेडबोर्डची उंची, टीव्ही युनिटची रुंदी, ओव्हरहेड कपाटांची खालची कड हे तीन आकडे सुताराकडून मिळाले की अर्धे घोळ टळतात.

उंची नेहमी तयार फरशीपासून मोजायची. कच्च्या स्लॅबवरून मोजलं तर फरशी बसल्यावर दोन-तीन इंच कमी भरतात आणि ओट्यावरचा बोर्ड टाइलच्या जोडावर किंवा थेट ग्रॅनाइटच्या कडेवर येतो. यावर उपाय सोपा आहे: फरशी जिथे येणार तिथून बरोबर एक मीटरवर सगळ्या घरात लेव्हलची रेघ मारून घ्या आणि सगळी मापं त्या रेघेवरूनच द्या.

नेहमी उपयोगी पडणारी मापं:

- स्विचबोर्ड ४ ते साडेचार फूट
- भिंतीलगतचे खालचे प्लग १ फूट
- ओट्यावरचे पॉइंट ओट्याच्या वर १० ते १२ इंच
- पलंगाशेजारचे पॉइंट सव्वादोन ते अडीच फूट, साइड टेबलच्या वर दिसतील असे
- एसीचा पॉइंट ७ ते साडेसात फूट, इनडोअर युनिटच्या बाजूला, मागे नव्हे
- वॉशिंग मशीन साडेतीन फूट, नळाच्या थेट खाली नको

गॅसच्या शेगडीच्या आणि सिंकच्या नेमक्या वर पॉइंट देऊ नका, बाजूला किमान दोन फूट सरका. फ्रीज आणि डिशवॉशर यांचे पॉइंट उपकरणाच्या मागे न देता शेजारच्या कपाटात किंवा हात पोहोचेल अशा ठिकाणी द्या. बंद पडल्यावर शंभर किलोचा फ्रीज ओढून प्लग काढायची वेळ येऊ नये. बाथरूममध्ये गिझरचं सॉकेट शॉवरच्या उडणाऱ्या पाण्यापासून लांब आणि उंच, स्विच शक्यतो दाराबाहेर.

दोन बेडरूममधली भिंत चार इंची असेल तर दोन्ही बाजूंना समोरासमोर बॉक्स येऊ देऊ नका. दोन्हीकडून खोदलं की मध्ये वीटच उरत नाही, आवाज आरपार जातो आणि प्लग ओढला की बॉक्स हलतो. एक फूट इकडे-तिकडे करा.

भिंत कशाची आहे तेही बघा. नव्या टॉवरमधल्या अनेक इमारतींत ॲल्युमिनियम फॉर्मवर्कच्या, म्हणजे साइटवर ज्याला मिवान म्हणतात तशा, सगळ्या भिंती आरसीसीच्या असतात. त्यांत खाच मारणं म्हणजे इमारतीच्या हाडाला हात घालणं. तिथे भिंतीवर बसवलेल्या पट्टीतून किंवा फर्निचरच्या मागून वायर न्यायची, फोडायचं नाही. कॉलम आणि बीम यांना तर कोणत्याच इमारतीत हात लावू द्यायचा नाही. कोकणात चिऱ्याच्या भिंतीत खाच पटकन पडते, पण कडा ढासळतात. तिथे कटर मशीनने दोन रेघा मारून मगच मधला भाग काढायला सांगा.

४. सर्किट, वायर आणि एमसीबी: खरा खर्च इथे करा

प्लेट दिसते, वायर दिसत नाही. म्हणून लोक महागड्या काचेच्या प्लेटा घेतात आणि आत काय ओढलं ते विचारत नाहीत. करायचं ते उलट.

दुकानात ज्याला दीडची, अडीचची, चारची वायर म्हणतात ते तांब्याच्या छेदाचं चौरस मिलिमीटरमधलं माप आहे. पीव्हीसी पाइपातून नेलेली दीडची वायर सुमारे १३ अँपिअर, अडीचची १८, चारची २४ आणि सहाची ३१ अँपिअर सोसते. एका पाइपात जास्त वायरी कोंबल्या की ही क्षमता आणखी घटते. त्यावरून घरचं गणित असं बसतं:

- दिवे-पंखे: दीडची वायर, ६ किंवा १० अँपिअरची एमसीबी
- ६ अँपिअरचे प्लग: अडीचची वायर, १० किंवा १६ ची एमसीबी
- १६ अँपिअरचे पॉवर पॉइंट, गिझर, एसी: चारची वायर, १६ किंवा २० ची एमसीबी
- मीटरपासून डीबीपर्यंत: किमान सहाची, दोन एसी असतील तर दहाची

एमसीबी उपकरणासाठी नसते, भिंतीतली वायर जळू नये म्हणून असते. ती सारखी पडते म्हणून १६ च्या जागी ३२ टाकून देणारा वायरमन तुमची तक्रार मिटवतो आणि आग लागायची सोय करून जातो. एमसीबी पडत असेल तर सर्किट वेगळं करायचं, एमसीबी मोठी करायची नाही. एसी, फ्रीज, पंप अशा मोटरच्या उपकरणांना सुरू होताना क्षणभर जास्त करंट लागतो, त्यांना सी कर्व्हची एमसीबी घ्या. बी कर्व्हची उगीचच पडत राहते.

प्रत्येक एसीला आणि प्रत्येक गिझरला डीबीपासून स्वतंत्र सर्किट. इतर ठिकाणी एका पॉवर सर्किटवर १६ चे दोनच पॉइंट. म्हणजे स्वयंपाकघराला निदान दोन पॉवर सर्किट लागतात: एकावर इंडक्शन आणि मिक्सरचा पॉइंट, दुसऱ्यावर मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर. फ्रीजला दिव्यांच्या सर्किटसारखं वेगळं छोटं सर्किट दिलं तर गावाला जाताना बाकी सगळं बंद करून फ्रीज तेवढा चालू ठेवता येतो.

वायर किती लागेल ते स्वतः काढा, अवघड नाही. समजा चारच्या वायरीची सर्किटं डीबीपासून पाइपाच्या मार्गाने मोजल्यावर अशी भरली: स्वयंपाकघर ११ आणि ११ मीटर, दोन गिझर ७ आणि ९, दोन एसी ८ आणि १२, वॉशिंग मशीन १०. बेरीज ६८ मीटर. बोर्डातलं आणि डीबीतलं टोक धरून १५ टक्के वाढवा: ७८ मीटर. प्रत्येक सर्किटला फेज (वीज आणणारी), न्यूट्रल (परत नेणारी) आणि अर्थ (गळती जमिनीत नेणारी) अशा तीन तारा, म्हणून लाल ७८, काळी ७८, हिरवी ७८. बंडल ९० मीटरचं येतं, तेव्हा तिन्ही रंगांचं एकेक. यादीत लाल तीन बंडलं आणि हिरवं एकही नाही असं दिसलं तर अर्थिंगचं काय करणार आहात ते लगेच विचारा.

डीबी घेताना लागतात त्यापेक्षा दोन-तीन जागा जास्त असलेली घ्या. उद्या गाडीचा चार्जर किंवा सोलर आलं तर डीबी बदलावी लागणार नाही.

५. अर्थिंग आणि आरसीसीबी

सगळ्यात जास्त चालढकल इथे होते, कारण अर्थिंग नसलं तरी सगळी उपकरणं व्यवस्थित चालतात. फरक कळतो तो वॉशिंग मशीनला ओला हात लावल्यावर मुंग्या येतात तेव्हा.

जुन्या इमारतींत, वाड्यांत, चाळींत लाकडी पट्टीवरची दोन तारांची वायरिंग अजून सापडते. तिसरी तारच नाही. अशा ठिकाणी नवं तीन पिनांचं सॉकेट बसवून त्याची वरची पिन आतल्या आत न्यूट्रलला जोडून देणारे महाभाग आहेत. टेस्टरवर सगळं बरोबर दिसतं. पण न्यूट्रल कुठे तुटला की फ्रीजचा पत्रा, गिझरची टाकी, मिक्सरची बॉडी सगळं जिवंत होतं. असं सॉकेट बिनअर्थिंगच्या सॉकेटपेक्षा धोकादायक.

हा प्रकार पकडणं थोडं किचकट आहे. सॉकेटमध्ये घालायचा तीन दिव्यांचा टेस्टर बाजारात स्वस्तात मिळतो. तो फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, अर्थ तुटलाय का ते दाखवतो, पण न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडलं असेल तर तोही 'ठीक' म्हणतो. म्हणून दोन चाचण्या वायरमनकडून समोर करून घ्या. पहिली: डीबीचा डबल पोल मेन बंद, सगळे प्लग काढलेले, आणि मल्टिमीटरने सॉकेटच्या न्यूट्रल व अर्थ पिनांत जोडणी तपासायची. ती दिसता कामा नये. दुसरी: आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) टेस्टचं बटण असलेला प्लग टेस्टर सॉकेटमध्ये घालून बटण दाबायचं. डीबीतली आरसीसीबी पडली पाहिजे. तिचं स्वतःचं टेस्ट बटण चालतंय आणि सॉकेटमधून मात्र ती पडत नाही, म्हणजे त्या सॉकेटला खरं अर्थिंग पोचलेलं नाही.

फ्लॅटमध्ये अर्थिंग मीटररूममधून येतं. तिथपर्यंत हिरवी तार नेण्यासाठी सोसायटीची परवानगी लागते, ती मागा आणि कामात धरा. नळाच्या पाइपाला जोडण्याची जुनी युक्ती आता प्लॅस्टिकच्या पाइपांमुळे निरर्थक आहे. बंगल्याला स्वतःचा अर्थिंगचा खड्डा लागतो. मुरूम किंवा कातळ असेल तर तिथली जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होतं, तेव्हा खड्ड्याचं झाकण उघडता येईल असं ठेवा, पाणी घालता आलं पाहिजे. खड्डा झाल्यावर अर्थ टेस्टरने रीडिंग घेऊन ते लिहून मागा.

आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची घ्या. माणसाच्या अंगातून गळती सुरू झाली की ती क्षणार्धात पुरवठा तोडते. ओव्हरलोडपासून मात्र ती वाचवत नाही, त्यामुळे एमसीबी लागतातच. बसवल्यावर ती सारखी पडू लागली तर 'तुमच्या घराला चालत नाही' असं सांगून बायपास करणारे भेटतात. खरी कारणं बहुधा तीनच असतात: गिझरचं एलिमेंट गळतंय, कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र झालेत, किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल मिसळलेत. शेवटचं कारण इन्व्हर्टर असलेल्या घरांत हमखास सापडतं. इन्व्हर्टरवर जे दिवे-पंखे असतील त्यांचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही डीबीपासूनच वेगळे ठेवायला सांगा.

६. मंजूर भार आणि परवानग्या

वीजबिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो. जुन्या कनेक्शनवर तो एक-दोन किलोवॅट असतो आणि घरात दोन एसी, दोन गिझर येणार असतात. सगळं एकदम चालत नाही हे खरं, पण एकाच वेळी चालेल तेवढा भार तरी मंजूर हवा. महावितरण असो की मुंबईतली बेस्ट, अदानी किंवा टाटा, भारवाढीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. सिंगल फेज पुरेल की थ्री फेज घ्यावं लागेल हे अर्जाच्या वेळी विचारून घ्या आणि डीबी त्यानंतरच विकत आणा. मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर, कटआउट (कंपनीचा फ्यूज) आणि सील हे कंपनीचं आहे, तिथे तुमच्या वायरमनने हात लावायचा नाही.

सोसायटीत असाल तर फोडाफोडीचं पत्र, कामाच्या वेळा आणि राडारोडा कुठे टाकायचा हे आधी. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाची लेखी संमती, आणि भिंत न फोडता पट्टीतून काम.

हाताशी ठेवायचे कागद: ताजं वीजबिल, फ्लॅटचा नकाशा, उपकरणांची वॅटसकट यादी, सोसायटीचं किंवा मालकाचं पत्र, कंत्राटदाराच्या परवान्याची प्रत, आणि किमान दोन कोटेशनं.

७. वायरमन निवडणं आणि कोटेशन वाचणं

'पॉइंटला एवढे' या दरात सगळा गोंधळ लपलेला असतो. पॉइंट म्हणजे काय, हे प्रत्येकाचं वेगळं. कोणी स्विचबोर्डवरचा प्लग अर्धा पॉइंट धरतो, कोणी पूर्ण. बोर्डापासून लांब असलेला स्वतंत्र प्लग वेगळ्या दराने. पॉवर पॉइंटला काही जण दोन पॉइंट मोजतात. डीबीपासून बोर्डापर्यंतची मेन वायर पॉइंटमध्ये की रनिंग मीटरवर, म्हणजे लांबीप्रमाणे? दोन कोटेशनं शेजारी ठेवून स्वस्त कोणतं हे या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत सांगताच येत नाही.

म्हणून तुमची यादी तुम्ही द्या, आणि तिच्यावर दर भरून मागा. त्यात हे स्पष्ट लिहून घ्या:

- मजुरी फक्त की सामानासह, आणि सामान असेल तर वायरचा, स्विचचा, एमसीबीचा ब्रँड
- प्रत्येक प्रकारच्या पॉइंटला कोणत्या मापाची वायर, अर्थची तार धरून
- खाच मारणं, पाइप टाकणं, सिमेंटने भरणं आणि जाळी लावणं कोणाचं, वायरमनचं की गवंड्याचं
- डीबी बसवणं, जुनी वायर काढणं, टेस्टिंग यांचे वेगळे पैसे आहेत का
- मध्येच पॉइंट वाढला तर कोणत्या दराने

'अर्थिंग कसं देणार?' आणि 'गिझरला कोणती वायर, कितीची एमसीबी?' हे दोन प्रश्न विचारा. जो थांबून मीटर कुठे आहे, वायर किती लांब जाणार असं उलट विचारतो तो माणूस कामाचा. 'तुम्ही काळजीच करू नका' हे उत्तर नाही. जमल्यास त्याने पूर्वी केलेली एखादी डीबी उघडून बघा: तारा रंगाप्रमाणे, टोकांना थिंबल (दाबून बसवलेली धातूची टोपी), प्रत्येक एमसीबीवर नाव.

पैसे टप्प्याने: थोडा ॲडव्हान्स, पाइप आणि बॉक्स बसल्यावर एक हप्ता, वायर ओढल्यावर एक, आणि निदान दहा-पंधरा टक्के शेवटच्या टेस्टनंतर.

८. सामान

वायर, स्विच, सॉकेट, एमसीबी, आरसीसीबी सगळं आयएसआय खुणेचं. वायरवर आयएस ६९४ आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणत्या कंपनीचा आहे ते दिसतं. नावाजलेल्या ब्रँडच्या नकली बंडलांचा बाजार मोठा आहे, तेव्हा अधिकृत दुकानातून पक्क्या बिलावर घ्या.

मॉड्युलर प्लेटचा हिशोब: स्विच एक मॉड्यूल, सॉकेट दोन. एक प्लग आणि त्याचा स्विच म्हणजे ३ मॉड्यूलची प्लेट, दोन असतील तर ६ ची. टीव्हीमागे ८ ची घ्या. सेट टॉप बॉक्स, राउटर, साउंडबार सगळे तिथेच येतात. १६ च्या सॉकेटला १६ चाच स्विच हवा, त्यावर आकडा कोरलेला असतो. ६ चा स्विच दिसायला सारखाच, वर्षभरात जळतो. मेटल बॉक्स आणि प्लेट एकाच कंपनीची घेतली तर स्क्रू जुळतात.

पाइप २० मिमीचा दिव्यांसाठी, पॉवर सर्किटसाठी २५ मिमीचा.

९. काम चालू असताना काय बघायचं

क्रम असा: आखणी, खाच, पाइप आणि बॉक्स, भरणं व गिलावा, वायर ओढणं, रंगाचा पहिला हात, मग स्विच-प्लेटा.

पाइप टाकून झाले आणि भिंत उघडी आहे, तो दिवस चुकवू नका. प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा, टेपचे आकडे वाचता यावेत इतक्या जवळून. पुढे पडद्याचा रॉड, टीव्हीचा स्टँड, कपाट लावताना ड्रिल कुठे मारायचं नाही हे फक्त त्या फोटोंवरूनच कळतं.

त्याच वेळी बघा: पाइप उभे आणि आडवेच गेलेत ना, तिरके नकोत. आडवी खाच लांबलचक नको, भिंत तिथे कापली जाते. पाइपांची तोंडं बंद केलीत का, नाहीतर गिलाव्याचा माल आत जातो आणि नंतर वायर ओढायची स्प्रिंग अडकते. बॉक्स लेव्हलमध्ये आणि गिलाव्याच्या पातळीशी येतील असे बसलेत का. बॉक्स अर्धा इंच आत गेला की प्लेट घट्ट बसत नाही आणि लांब स्क्रू शोधत फिरावं लागतं.

वायर ओढताना पाइपाच्या आत एकही जोड नको. जोड फक्त बोर्डात किंवा जंक्शन बॉक्समध्ये. इमारत जुनी असेल आणि आधीची वायर ॲल्युमिनियमची निघाली तर तिला तांब्याची पिळून टेप मारू देऊ नका. असा जोड कालांतराने सैल होऊन तापतो. ते पूर्ण सर्किटच नवं करा.

१०. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी

वायरमन समोर असताना एकेक करून घ्या.

पाचशे व्होल्टच्या मेगरने (वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन तपासणी, उपकरणं न जोडता. रीडिंग एक मेगाओमच्या वर हवं, नव्या वायरिंगमध्ये ते बरंच जास्त येतं. काही शून्याजवळ आलं तर कुठेतरी वायर सोलली गेली आहे.

प्रत्येक सॉकेट समोरून बघताना वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. स्विच बंद केल्यावर फेज तुटला पाहिजे. न्यूट्रल तुटत असेल तर दिवा विझतो पण होल्डरमध्ये करंट राहतो.

पाचव्या पायरीतल्या अर्थिंगच्या दोन्ही चाचण्या, सगळ्या सॉकेटवर. दोन-चार निवडून नव्हे.

मग भार. गिझर, इंडक्शन, एसी एकदम सुरू करून अर्धा तास चालू ठेवा. नंतर बंद करून सॉकेटच्या प्लेटा आणि डीबीचं झाकण हाताने चाचपा. कोमट ठीक, चटका बसेल इतकं गरम म्हणजे स्क्रू सैल आहे किंवा वायर कमी पडतेय. स्क्रू सैल राहणं हे नव्या कामातलं सर्वांत नेहमीचं कारण आहे, म्हणून डीबीतले सगळे स्क्रू महिनाभराने पुन्हा एकदा आवळून द्यायचं आत्ताच कबूल करून घ्या, फेरीचे वेगळे पैसे न लावता.

डीबीच्या झाकणाच्या आत प्रत्येक एमसीबीसमोर खोली आणि उपकरण लिहिलेला कागद चिकटवा. सामानाची बिलं, टेस्टची रीडिंग आणि भिंतींचे फोटो एकत्र ठेवा. भारवाढीचा अर्ज करायचा असेल तर टेस्ट रिपोर्टवर सही-शिक्का याच दिवशी घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याला एकदा दाबायचं. नाही पडली तर बदलायची.